भिंतीवर भार नको! (पडक्या चर्चला नवं काम देताना)

"ही भिंत आज कशामुळे उभी आहे?"

एक्सटर्नल सरांनी एवढा एकच प्रश्न विचारला आणि आम्ही चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टी.ई.चा मिनी प्रोजेक्ट, ओरलचा दिवस, शीट्स टेबलावर पसरलेल्या. प्रोजेक्टचा विषय आम्ही मोठ्या हौसेने घेतला होता - वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषांवर छप्पर घालून तिथे एक सभागृह करायचं. म्हणजे अर्थात कागदावरच! किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, तिथे आपण साधा खिळासुद्धा ठोकू शकत नाही. पण कागदावर कोण अडवणार?

पंधरा मीटर स्पॅनचा स्टील ट्रस, वर पत्रे, सगळे मेंबर तपासलेले, सगळे 'सेफ'. ट्रसची दोन्ही टोकं जिथे टेकत होती तिथे आम्ही लिहिलं होतं - 'सपोर्ट : एक्झिस्टिंग वॉल'. सरांनी लाल पेन्सिलीने त्या शब्दांभोवती गोल काढला आणि म्हणाले, "तुमचं सगळं डिझाईन या शब्दांवर उभं आहे, आणि त्याबद्दल रिपोर्टमध्ये एक पानसुद्धा नाही."

मार्क जेवढे मिळायचे तेवढे मिळाले. पण तो लाल गोल डोक्यातून जाईना. मग सुट्टीत बसून, जगात इतर ठिकाणी पडक्या चर्चचं लोकांनी काय केलं हे शोधत गेलो. त्यातून जे कळलं ते आमच्या चौघांपुरतंच राहू नये म्हणून हा लेख.

छप्पर गेलं की नेमकं काय जातं?

आपल्याला वाटतं, छप्पर म्हणजे ऊन-पावसापासून संरक्षण. ते खरंच आहे, पण भिंतीच्या बाजूने विचार करा. छप्पर भिंतीला फक्त वरून दाबत नाही, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना माथ्यापाशी एकमेकींशी बांधून धरतं. छप्पर गेलं की भिंत जमिनीत रोवलेल्या काठीसारखी एकटी उभी राहते. स्ट्रक्चरच्या भाषेत सांगायचं तर वर आधार असलेला 'प्रॉप्ड कॅन्टिलिव्हर' होता, त्याचा साधा 'कॅन्टिलिव्हर' झाला. दोन्हींचे बेंडिंग मोमेंट आठवा. सारखाच वारा धरला तर पहिल्यात पायथ्याशी भार गुणिले उंचीचा वर्ग भागिले ८, आणि दुसऱ्यात तेच भागिले २. म्हणजे चौपट! (छप्पर काही अगदी पक्का आधार नसतो, पण फरक कुठे पडतो ते कळण्यापुरतं हे गणित पुरेसं आहे.)

दुसरी गोष्ट पाण्याची. या जुन्या जाड भिंती सहसा आरपार घडीव दगडाच्या नसतात. बाहेरून आणि आतून चांगले दगड, आणि मध्ये चुन्यात घातलेली दगडगोट्यांची भर. छप्पर असेपर्यंत भिंतीचा माथा झाकलेला असतो. ते गेलं की पाऊस थेट त्या भरावात उतरतो. चुना वाहून जातो, आत पोकळ्या होतात, मग एक दिवस पक्ष्याने टाकलेल्या बीमधून पिंपळ उगवतो आणि त्याची मुळं दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांपासून दूर ढकलतात. बाहेरून भिंत मीटरभर जाड दिसते, पण आत ती एकसंध उरलेली नसते.

म्हणजे आम्ही ट्रस टेकवला होता तो नेमका भिंतीच्या सगळ्यात कमकुवत भागावर, तिच्या माथ्यावर!

थोडं गणित

समजा, भिंत १ मीटर जाड आणि १० मीटर उंच आहे, आणि दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला २२ किलोन्यूटन. एक मीटर लांबीच्या तुकड्याचं वजन झालं २२० किलोन्यूटन. पायथ्याशी दाब आला चौरस मीटरला २२० किलोन्यूटन, म्हणजे ०.२२ मेगापास्कल. दगडाच्या ताकदीपुढे हे काहीच नाही. म्हणूनच आम्हाला वाटलं, "एवढी जाड भिंत, हिला पत्र्याच्या छपराचं काय ओझं!"

पण ही भिंत चिरडून पडत नसते, कलून पडते. दगड-चुन्याला ताण जवळजवळ सहन होत नाही. त्यामुळे पायथ्याशी भाराची रेषा जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागातच राहिली पाहिजे, म्हणजे मध्यापासून जाडीच्या एक षष्ठांश, १६.७ सेंटिमीटरच्या आत. २२० गुणिले ०.१६७ केलं की सुमारे ३७ किलोन्यूटन-मीटर येतात. भिंतीच्या माथ्यावर कुणी आडवं ढकललं, तर १० मीटर उंचीमुळे फक्त ३.७ किलोन्यूटन पुरतात. म्हणजे मीटरमागे पावणेचारशे किलो! एवढ्या धक्क्याला २२ टनांच्या भिंतीच्या एका अंगाला ताण यायला लागतो.

आता वारा घ्या. चौरस मीटरला १ किलोन्यूटन धरला तर एकट्या उभ्या भिंतीच्या पायथ्याशी मोमेंट येतो ५० किलोन्यूटन-मीटर. तो ३७ च्या पुढे गेलाच. भिंत उलथायला ११० लागतात, म्हणून ती पडत नाही, पण तिच्याकडे शिल्लक किती थोडी आहे बघा. आणि हे सगळं भिंत ओळंब्यात आणि आतून भरीव आहे असं धरून!

आता आमचा ट्रस. आम्ही त्याची दोन्ही टोकं अँकर बोल्टने भिंतीत घट्ट आवळली होती. पंधरा मीटर स्टील, ३० अंशांचा फरक, तर लांबी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास बदलणार. दोन्हीकडे घट्ट धरल्यावर हे वाढलेलं स्टील जाणार कुठे? भिंतीलाच ढकलणार. शिवाय समुद्रकिनाऱ्यावरच्या वादळी वाऱ्यात हलकं छप्पर वर खेचलं जातं. म्हणजे आमचे बोल्ट भिंतीचा माथा दगडांसकट उपटायला निघाले असते. "ही भिंत कशामुळे उभी आहे?" या प्रश्नाचं उत्तर होतं - "सर, स्वतःच्या वजनामुळे, आणि आजवर तिला कुणी त्रास दिला नाही म्हणून!"

लंडन : छपराला स्वतःचे पाय

लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवर सेंट ल्यूक्स नावाचं चर्च आहे. १७११ साली संसदेने लंडनसाठी पन्नास नवी चर्च बांधायचा कायदा केला. प्रत्यक्षात झाली डझनभर, त्यांतलं हे एक. जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर हे वास्तुरचनाकार, काम पूर्ण झालं १७३३ साली. मनोऱ्याच्या टोकावर नेहमीच्या निमुळत्या शिखराऐवजी चक्क दगडी ऑबेलिस्क आहे.

या चर्चचा शत्रू होता त्याच्या पायाखालीच. जमीन खचत होती. १९५९ साली इमारत धोकादायक ठरून बंद झाली आणि छप्परही उतरवलं गेलं. आतल्या वस्तूंपैकी ऑर्गनची पेटी वगैरे शेजारच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये हलवली. पुढची चाळीस वर्षं भिंती उघड्या आणि आत झाडझाडोरा.

त्याच वेळी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला सरावासाठी आणि संगीतशिक्षणासाठी जागा हवी होती. त्यांचं मुख्य घर, बार्बिकन, तिथून जवळच. शेवटी लेव्हिट बर्नस्टाइन या वास्तुरचनाकार संस्थेच्या आराखड्यानुसार चर्चचं रूपांतर झालं आणि २००३ मध्ये ते 'एलएसओ सेंट ल्यूक्स' म्हणून उघडलं. काम सुरू होण्याआधी तळघरातले हजाराहून जास्त मृतदेहांचे अवशेष पुरातत्त्वज्ञांनी नोंद करून हलवले. हे वाचताना मी जरा थांबलो. आपण ज्याला 'साइट क्लिअरन्स' म्हणून बारचार्टवर एका रेघेत उडवतो, ते इथे कुणाचे तरी पूर्वज होते.

आता इंजिनिअरिंगची गंमत बघा. संगीताच्या हॉलला छप्पर हलकं चालत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायला नको असेल तर वस्तुमान लागतं. ढोबळ नियम असा की वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल आवाज जास्त अडतो. म्हणजे जड छप्पर हवं, आणि भिंती तर आधीच खचलेल्या पायावर उभ्या! मग करायचं काय?

त्यांनी हॉलच्या आत स्टीलचे चार नवे खांब उभे केले. वर जाऊन फांद्या फुटाव्यात तसे ते फुटतात आणि छप्पर पेलतात. जुन्या विटांच्या भिंती आतून उघड्याच ठेवल्या, त्यांवरचे चाळीस वर्षांचे वण दिसतात तसेच. त्यांच्याकडे काम उरलं वाऱ्या-पावसाला अडवण्याचं, आणि आपण कोण आहोत हे सांगण्याचं.

फोटोत हे खांब पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते मध्येच उपटसुंभासारखे आल्यासारखे वाटले होते. गणित केल्यावर तेच खांब देखणे वाटायला लागले!

कोर्बेरा : छप्पर आहे, पण ओझं नाही

दुसरं टोक स्पेनमध्ये. कॅटलोनियातलं कोर्बेरा दे एब्रे हे गाव १९३८ च्या एब्रोच्या लढाईत, यादवी युद्धात, उद्ध्वस्त झालं. लोकांनी नवं गाव खाली वसवलं आणि टेकडीवरचं जुनं गाव तसंच पडकं ठेवलं, आठवण म्हणून. त्यात सेंट पीटरचं (तिकडे 'सान पेरे') चर्च आहे, छप्पर उडालेलं, पण भिंती आणि कमानी उभ्या.

वास्तुरचनाकार फेरान विझोसो आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या सुमारास त्यावर छप्पर घातलं, ते इटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिक पडद्याचं. याची घनता घनमीटरला सुमारे १७५० किलो. ०.२ मिलिमीटर जाडीचा पडदा धरला तर चौरस मीटरला ३५० ग्रॅम. ६ मिलिमीटरची काच घातली असती तर तेच १५ किलो! (खाली आधाराची चौकट लागते, ती वेगळी.) आत उभं राहिलं की वर आकाश दिसतं आणि आपण अजूनही त्या उघड्या अवशेषात आहोत असंच वाटतं, फक्त भिजत नाही. तिथे प्रदर्शनं आणि कार्यक्रम होतात.

इथे ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग होईल का? अवघड आहे. पडदा आवाज अडवत नाही, आणि पाऊस आला तर ताशा वाजणार! पण या गावाला रेकॉर्डिंग स्टुडिओ नकोच होता. इथे युद्ध झालं हे विसरलं जाऊ नये, आणि उरलेलं आणखी झिजू नये, एवढंच हवं होतं. म्हणजे आधी उपयोग ठरला, आणि त्याने छपराचं वजन ठरवलं. आम्ही नेमकं उलट केलं होतं. ट्रस आधी काढला (कारण ट्रस येत होता!) आणि 'सभागृह' हा शब्द नंतर चिकटवला.

सांतपेदोर : पडलेला भाग पडलेलाच ठेवला

फुटबॉलवेड्या मित्रांसाठी : हे पेप गार्डिओलाचं गाव. कॅटलोनियातच, मान्रेसा शहराजवळ. इथे फ्रान्सिस्कन साधूंनी १७२० च्या दशकात मठ बांधला. म्हणजे ज्या पंथाचं वसईतलं चर्च आम्ही निवडलं होतं, त्याच पंथाचं हे काम. १८३५ मध्ये स्पेनमध्ये मठ बंद झाले, लूट झाली, इमारत खिळखिळी होत गेली. २००० साली मठ पाडला गेला आणि उरलं फक्त चर्च, तेही पडायला आलेलं.

वास्तुरचनाकार डेव्हिड क्लोसेस यांनी २००३ ते २०११ या काळात त्याचं सभागृह आणि सांस्कृतिक केंद्र केलं. त्यांच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, छपराचा जो भाग कोसळला होता तो त्यांनी पुन्हा 'होता तसा' बांधला नाही. तिथून प्रकाश आत येईल अशी रचना केली. म्हणजे पूर्वी काळोख्या असलेल्या चर्चमध्ये आज जो उजेड येतो, तो त्याच्या पडझडीतून आलेला आहे! दुसरी गोष्ट, जिने, रॅम्प, यंत्रसामग्रीच्या खोल्या यांतलं बरंचसं मुख्य दालनाच्या बाहेर काढलं, काही भाग तर इमारतीच्या बाहेर डोकावताना दिसतात. त्यामुळे दालनाची मूळ उंची आणि लांबी अखंड राहिली.

आमच्या शीटवर टॉयलेट ब्लॉक, स्टोअर आणि ए.सी. प्लँट कुठे होते माहीत आहे? दालनाच्या आत, जिथे वेदी होती त्या बाजूला. सोयीचं पडत होतं ना!

नवं काम नवंच दिसू देणं याचाही एक फायदा आहे. शंभर वर्षांनी येणाऱ्या इंजिनिअरला कळलं पाहिजे की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं. आपण नव्या भिंतीला जुनाट रंग देऊन त्याची फसवणूक केली, तर तोही आपल्यासारखाच भलत्या भिंतीवर भार टाकेल.

लिस्बन : छप्परच नको

चौथं उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धाडसी. पोर्तुगालच्या लिस्बन शहरातलं कार्मो मठाचं चर्च १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात कोसळलं. पुढे दुरुस्ती सुरू झाली, पण १८३४ नंतर थांबली. मुख्य दालनावर आजही छप्पर नाही. नुसत्या टोकदार कमानी निळ्या आकाशाखाली उभ्या आहेत. १८६४ पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ज्या वस्तूंना निवारा हवा त्या मागच्या झाकलेल्या भागात, आणि मधलं दालन उघडं. पडकी जागा तशीच ठेवूनही तिचं सांस्कृतिक केंद्र होऊ शकतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटी आम्ही सिव्हिलवाले, काही बांधलं नाही तर डिझाईन कसलं करणार!

पुन्हा वसई

सुट्टी संपायच्या आधी मी एकटाच पुन्हा वसईला जाऊन आलो. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. आत अनेक चर्चचे अवशेष आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. पहिल्या वेळी आम्ही टेप लावून स्पॅन मोजला तेव्हा त्यांच्यावरूनच चाललो होतो आणि एकानेही खाली पाहिलं नव्हतं. आमच्या डिझाईनमध्ये तिथे 'कोटा स्टोन फ्लोरिंग' होतं!

या वेळी टेप नेलीच नाही. भिंतीचा माथा पाहिला, कुठे झुडपं आहेत, कुठे सांधे रिकामे झालेत. फोटो काढायला आलेली जोडपी होती, क्रिकेट खेळणारी मुलं होती. मला वाटलं, माणसं तर इथे आधीच येतात. या जागेला सांस्कृतिक केंद्र करायला पहिली गरज ट्रसची नाहीच.

आज तो प्रोजेक्ट पुन्हा करायचा झाला तर आमच्या कामाचा क्रम असा असेल :

१) आधी भिंत ऐका. ओळंबा, भेगा, माथा, पाया यांची नोंद. भेगा जुन्या आहेत की वाढतायत हे कळायला निदान एक पावसाळा थांबायचं.

२) मग भिंत वाचवा. झाडं मुळांसकट काढणं, माथा पाणी वाहून जाईल असा झाकणं, पोकळ्यांत चुन्याचं ग्राउट. सिमेंट नाही! सिमेंट कडक असतं, ओलावा अडवतं, आणि मग शेजारचा जुना दगड आणि चुना झिजत जातो.

३) मग उपयोग ठरवा. मैफल, प्रदर्शन, वाचनालय की नुसतीच शांत जागा? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या वसईत कार्यक्रम नोव्हेंबर ते मे एवढेच ठेवले तर कदाचित छपराची गरजच संपेल.

४) छप्पर लागलंच, तर ते स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या पायावर. जुन्या भिंतीपासून अंतर ठेवून, मध्ये दोघांना वेगवेगळं हलता येईल असा सांधा. नवा पाया खणताना जुना पाया आणि थडगी दोन्ही सांभाळून. खाऱ्या हवेत स्टीलला गंज येणार, तेव्हा रंगाची आणि देखभालीची सोय आधीच.

५) आणि उद्या कुणाला नको वाटलं, तर बोल्ट काढून आपलं सगळं काम परत नेता आलं पाहिजे. भिंत मागे तशीच उरली पाहिजे.

मित्रांनो, पडक्या वास्तूला काम दिलं पाहिजे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. जिथे माणसांची ये-जा नसते तिथे पिंपळाची मुळं जोरात वाढतात. सेंट ल्यूक्समध्ये चाळीस वर्षं झाडं वाढली, तिथे आज मुलं व्हायोलिन शिकतात, ही साधी गोष्ट नाही. पण काम देणं वेगळं आणि भार टाकणं वेगळं. घरातल्या आजोबांना आपण मुलांना गोष्टी सांगायला बसवतो, गॅस सिलिंडर उचलायला लावत नाही!

आणि तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी 'एक्झिस्टिंग वॉल'वर काही टेकवणार असेल, तर ओरलच्या आधी तो प्रश्न स्वतःला नक्की विचारा. आमची ती लाल गोलाची शीट मी अजून गुंडाळून ठेवली आहे. हवी असेल तर हॉस्टेलवर येऊन बघून जा.